लॅबच्या पिल्लाला किती आणि कितीदा खायला घालायचं: आमचा सोन्या, आमची बिजली

आमची बिजली आता साडेसहा महिन्यांची झाली, काळी लॅब (लॅब्रॅडॉर) आहे, मागच्या रविवारी वजन केलं तर २०.८ किलो भरली. रंकाळ्यावर सकाळी फिरायला नेतो तेव्हा आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी थांबवून विचारतंच, "खायला घालत नाही का ओ हिला? लॅब अशी असतीय व्हय?" कारण तिला कंबर दिसते, वरून बघितलं की बरगड्यांनंतर आत गेलेली कंबर आणि बाजूनं बघितलं की वर उचललेलं पोट. आपल्याकडे लॅबचं पिल्लू म्हणजे गोल गरगरीत, चालताना पोट हलणारं, असंच सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. माझ्याही होतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, ज्यांच्या घरी नुकतंच लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर किंवा ग्रेट डेनचं पिल्लू आलंय त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा.

आधी सोन्याबद्दल सांगतो. २०११ ला आणला होता, पिवळा लॅब, आमच्या घरातला पहिला कुत्रा. ज्यांच्याकडून घेतला त्यांनी सांगितलं होतं की भरपूर खायला घाला, मोठ्या हाडाचं पिल्लू आहे, आणि कॅल्शियमचं सिरप रोज दोन चमचे चुकवू नका. आम्ही काहीच चुकवलं नाही. सकाळी दूध-चपाती, मग ड्राय फूड, दुपारी आईच्या हातचा भात आणि अंडं, संध्याकाळी पप्पा दूध कट्ट्यावरून येताना त्याच्यासाठी वेगळं म्हशीचं दूध आणायचे, आणि रविवारी मटण. खाऊन वाटी चाटून परत वाटीकडे बघायचा म्हणून परत घालायचो. सहा महिन्यांचा झाला तेव्हा ३१ किलो होता आणि आम्हाला त्याचा इतका अभिमान, येईल त्याला वजन सांगायचो. सातव्या महिन्यात मागचे पाय ओढायला लागला, आधी वाटलं खेळताना लचकला असेल, मग ससा पळतो तसा दोन्ही मागचे पाय एकदम टाकून पळायला लागला, एक्सरे काढला तर दोन्ही खुब्यांचे सांधे नीट बसलेले नव्हते. हिप डिस्प्लेशिया. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की हे आई-बापाकडूनही येतं, सगळा दोष खाण्याचा नाही, पण वाढीच्या वयात अंगावर जे जास्तीचं वजन चढलं त्यानं ते फार लवकर आणि फार जोरात बाहेर आलं. त्यानंतर पुढची सगळी वर्षं त्याला जिना चढता आला नाही नीट, आमचं घर वरच्या मजल्यावर, पावसाळ्यात तर मी त्याला उचलून न्यायचो. २०२१ ला गेला. ते मला अजून सलतं, कारण आम्ही त्याला त्रास व्हावा म्हणून काही केलं नव्हतं, प्रेमानंच घालत होतो.

त्यामुळे बिजली आणायच्या आधी मी चार-पाच महिने फक्त वाचत होतो आणि दोन वेगवेगळ्या डॉक्टरांशी बोललो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली ती अशी की मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्त घातलं तर ते मोठं होत नाही, फक्त लवकर वाढतं. शेवटी कुत्रा किती उंच आणि किती हाडापेराचा होणार ते त्याच्या आई-बापावरून ठरलेलं असतं, कमी आणि मोजून घातलं तर तिथंच पोचतो, फक्त जरा उशिरा. आणि तो उशीर झालेलाच चांगला. कारण लॅबचं पिल्लू दोन महिन्यांचं असताना पाच किलोचं असतं आणि वर्षभरात तीस किलोच्या आसपास जातं, म्हणजे सहा पट, इतक्या वेळात हाडांच्या टोकांना असलेली कूर्चा (पुढं ज्याचं हाड होतं तो भाग) अजून मऊच असते आणि तिच्यावर हा सगळा भार येतो. छोट्या जातीत, पॉमेरेनियनमध्ये वगैरे, हा प्रश्न इतका येत नाही कारण वजनच तेवढं नसतं.

यावर एक फार मोठा अभ्यास झालाय, प्युरिना या पशुखाद्याच्या कंपनीनं अमेरिकेत केलेला, २००२ मध्ये छापून आला. ४८ लॅब घेतले, एकाच वेतातल्या पिल्लांच्या २४ जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला जेवढं खायला दिलं त्याच्यापेक्षा दुसऱ्याला २५ टक्के कमी, तेच खाणं फक्त कमी, आणि हे आठ आठवड्यांचे असल्यापासून मरेपर्यंत. कमी खाणाऱ्यांतले निम्मे १३ वर्षांच्या पुढं जगले आणि दुसऱ्यांतले निम्मे ११.२ वर्षांच्या पुढं. जवळजवळ दोन वर्षांचा फरक! आणि कमी खाणाऱ्यांमध्ये खुब्याचा त्रास आणि संधिवात कमी होता, ज्यांना झाला त्यांनाही बऱ्याच उशिरा झाला. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, खोटं नाही सांगत, सोन्याच्या वाट्याची दोन वर्षं डोळ्यांसमोर आली.

आता कितीदा घालायचं. हे सोपं आहे. दोन ते तीन महिन्यांचं असेपर्यंत दिवसातून चार वेळा, तीन ते सहा महिने तीन वेळा, सहानंतर दोन वेळा आणि मग आयुष्यभर दोनच वेळा. आमच्याकडे सुरुवातीला सकाळी ७, दुपारी १२, संध्याकाळी ५ आणि रात्री ९ असं होतं, तिसऱ्या महिन्यानंतर दुपारचं आणि संध्याकाळचं मिळून एक केलं. एकदाच भसकन मोठं जेवण मोठ्या कुत्र्याला कधीच घालू नका, मोठा झाल्यावरपण नाही. खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये, ग्रेट डेनमध्ये तर फारच, पोट फुगून पीळ पडायचा धोका असतो आणि तसं झालं तर काही तासांत कुत्रा जातो, ऑपरेशनशिवाय इलाज नसतो. एका वेळी भरपूर, भराभर, आणि वरून लगेच धावपळ, हे सगळं त्या धोक्यात भर घालणारं. म्हणून आमच्याकडे जेवण झाल्यावर एक तास बॉल नाही, म्हणजे नाही, माझ्या लेकीलापण हे पाठ झालंय.

किती घालायचं हे मात्र सोपं नाही, आणि इथंच सगळे चुकतात. ड्राय फूडच्या पिशवीवर मागच्या बाजूला तक्ता असतो तो नीट वाचा. बऱ्याच पिशव्यांवर एका बाजूला पिल्लाचं वय आणि दुसऱ्या बाजूला वजन असतं, ते वजन आत्ताचं आहे की मोठं झाल्यावर होणारं आहे हे बघा, दोन्हीत फार फरक पडतो. आणि तो आकडा अख्ख्या दिवसाचा असतो! माझ्या एका मित्रानं गोल्डनच्या पिल्लाला महिनाभर तो आकडा प्रत्येक वेळी घातला, म्हणजे तिप्पट, आणि वर जुलाब का होतात म्हणून औषधं चालू.

डॉक्टरांनी मला हिशोब करायला शिकवला तो असा: पिल्लाच्या वजनाचा ०.७५ वा घात काढायचा, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर निघतो, त्याला ७० नं गुणायचं, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी लागणाऱ्या कॅलरी आल्या. मग चार महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर त्याच्या तिप्पट आणि त्यानंतर दुप्पट. बिजली १० किलोची होती तेव्हा हे गणित ११८० कॅलरीच्या आसपास आलं. आमच्या फूडमध्ये १०० ग्रॅमला साधारण ३७५ कॅलरी आहेत, म्हणजे दिवसाला ३१५ ग्रॅम. तेवढं घातलं दोन आठवडे आणि ती गोल व्हायला लागली. मग डॉक्टर म्हणाले गणित ही फक्त सुरुवात आहे, पिल्लू बघ आणि बदल, २८० वर आणलं आणि तिथं ती व्यवस्थित बसली. शेजारच्या गल्लीतलं तेवढ्याच वयाचं तेवढ्याच वजनाचं पिल्लू ३३० खाऊन सडपातळ असू शकतं. त्यामुळे "माझ्या कुत्र्याला किती ग्रॅम घालू" असं मला कोणी विचारलं तर मी आकडा सांगत नाही, आधी त्याच्या बरगड्यांना हात लाव म्हणतो.

हा हात लावायचा प्रकार असा. तुमचा डावा हात पालथा धरा आणि मागच्या बाजूनं बोटांच्या हाडांवरून उजव्या हाताची बोटं फिरवा, हाडं लागतात पण वर थोडं मांस आहे, तसं पिल्लाच्या बरगड्यांवर लागलं की वजन बरोबर. आता मूठ वळा आणि पेरांवरून बोट फिरवा, तसं टोचायला लागलं तर फार बारीक. आणि हात उलटा करून तळव्यावरून बोट फिरवा, हाडं दाबल्याशिवाय लागत नाहीत, तसं लागलं तर जाड झालंय, खाणं कमी करा. कमी करायचं म्हणजे उपाशी नाही ठेवायचं, १० टक्के कमी करून दोन आठवडे बघायचं. डॉक्टर लोक १ ते ९ असे मार्क देतात, १ म्हणजे हाडाचा सापळा, ९ म्हणजे फुगलेला, मोठ्या जातीच्या पिल्लाला ४ ते ५ मध्ये ठेवायचं. मी दर रविवारी हे करतो आणि वहीत लिहितो. वजन करायला लहान असताना मी तिला उचलून काट्यावर उभा राहायचो आणि माझं वजन वजा करायचो, पंधराच्या पुढं गेल्यावर दवाखान्यातल्या मोठ्या काट्यावर नेतो, ते पैसे पण घेत नाहीत त्याचे.

माझी सासुरवाडी जतकडं आहे, तिथं धनगरांच्या कळपाबरोबर कारवान कुत्री दिसतात, तीच जी मुधोळ म्हणून ओळखतात आणि २००५ ला पोस्टाच्या तिकिटावर आली. बरगड्या मोजून घ्याव्या अशी, आणि तिथं कोणी म्हणत नाही की उपाशी आहे, त्या कुत्र्याची तीच शोभा मानतात. लॅब काही तशी दिसणार नाही आणि दिसूही नये, तिची बांधणीच वेगळी, पण बरगडी हाताला लागली की माणसं जी घाबरतात ना, त्यांनी एकदा त्या कुत्र्यांना रानात पळताना बघावं.

आता कॅल्शियम, यावर मला जरा जास्त बोलायचंय. तुम्ही पिल्लू कुठूनही घ्या, विकणारा कॅल्शियमची बाटली सांगणारच, शेजारी सांगणार, औषधाच्या दुकानात नुसतं "लॅबचं पिल्लू आहे" म्हटलं तरी बाटली काउंटरवर येते. कान उभे राहत नाहीत, द्या कॅल्शियम. पाय वाकडे वाटतात, द्या कॅल्शियम. आणि माणसाला वाटतं हाडं मोठी आहेत तर कॅल्शियम जास्त लागणारच, जास्त झालं तर बाहेर टाकेल शरीर. मोठा कुत्रा टाकतो. पिल्लू नाही टाकू शकत! साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम अडवता येत नाही, जेवढं घालाल त्यातलं बरंचसं रक्तात जातंच. हॉलंडमध्ये उट्रेख्तला हेझविंकेल नावाच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे दाखवून दिलं, जास्त कॅल्शियम घातलेल्या पिल्लांची कूर्चा नीट हाडात बदलली नाही, पाय वाकडे झाले, सांध्यांत दोष आले. म्हणजे ज्या वाकड्या पायांना घाबरून आपण बाटली आणतो तेच बाटलीनं होऊ शकतं. आम्ही सोन्याला सहा महिने रोज घातलं होतं ते.

चांगल्या "लार्ज ब्रीड पपी" फूडमध्ये कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं असतं. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणारी आफ्को म्हणून संस्था आहे, तिनं मोठ्या होणाऱ्या पिल्लांसाठी कोरड्या वजनाच्या १.८ टक्के ही वरची मर्यादा ठेवलीय आणि खालची १.२, तर पिशवीवर कॅल्शियमचा आकडा शोधा आणि या दोन्हींच्या मध्ये आहे का बघा. त्याच्यावर सिरप, हाडाची पावडर, व्हिटॅमिन डीचे थेंब, कॉड लिव्हर ऑइल काही नको, डॉक्टरांनी तपासून कारण सांगून दिलं तरच. आणि प्रोटीनला उगाच घाबरू नका, पूर्वी म्हणायचे प्रोटीननं हाडं बिघडतात, ग्रेट डेनवरच त्याचाही अभ्यास झाला आणि प्रोटीनचा दोष निघाला नाही, दोष जास्तीच्या कॅलरीचा आणि जास्तीच्या कॅल्शियमचा.

उलट बाजूही सांगतो कारण कोल्हापुरात ती पण दिसते. नुसतं मटण-चिकन-भात घालून वाढवलेलं पिल्लू. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, मग शरीर स्वतःच्या हाडांतनं कॅल्शियम काढायला लागतं, हाडं इतकी पातळ होतात की सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतात. दूध-चपातीवरची पिल्लं पण अशीच कमकुवत निघतात, वरून दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही आणि जुलाब. घरचंच खायला घालायचं असेल तर घाला, माझा विरोध नाही, पण मोठ्या जातीच्या पिल्लाचं घरचं जेवण अंदाजे होत नाही, जनावरांच्या आहारातलं कळणाऱ्या डॉक्टरकडून ग्रॅमवारी लिहून घ्या. मला ते जमणार नाही हे माहीत होतं म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत मी पिशवीवालं फूडच ठेवलंय, लॅबला साधारण बारा ते पंधरा महिने पपी फूड आणि ग्रेट डेनसारख्यांना दीड ते दोन वर्षं.

खरी लढाई घरात असते. सकाळी मी घालायचो, मी कामाला गेल्यावर आई "काही खाल्लं नाही वाटतं हिनं" म्हणून घालायची, लेक शाळेतून आली की बिस्किट, पप्पा संध्याकाळी चपातीचा तुकडा. प्रत्येकजण थोडंच घालत होता. मी पहिल्यांदा कमी करा म्हटलं तेव्हा आई इतकी नाराज झाली, "मुक्या लेकराला उपाशी ठेवतोस, पाप लागंल." मी तिच्याशी वाद नाही घातला, सोन्याचा जुना एक्सरे काढून दाखवला, ती गप्प बसली आणि मग जरा वेळानं म्हणाली, तेव्हा कोणी सांगितलं असतं तर. तेवढंच.

मग आम्ही एक डबा केला. सकाळी स्वयंपाकघरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर दिवसाचं सगळं खाणं मोजून स्टीलच्या डब्यात भरायचं, कप किंवा वाटीनं नाही, कारण त्याच वाटीत मी भरलं तर ७० ग्रॅम आणि आईनं भरलं तर ९५, हे आम्ही मोजून बघितलंय. दिवसभर कोणीही काहीही घालायचं ते त्या डब्यातलंच. "बस" शिकवताना द्यायचे दाणे त्यातलेच, पप्पांना हातानं भरवायचंय तर त्यातलेच. डबा संपला की दिवस संपला. कधी उकडलेलं चिकन किंवा गाजर-काकडी द्यायची झाली तर दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि तेवढे दाणे कमी. या डब्यानं आमचं निम्मं भांडण मिटलं, कारण पप्पांना तिला भरवायचंच होतं, जास्त घालायचं नव्हतं.

पण ती तर सारखी भुकेली दिसते, हे सगळे म्हणतात. लॅब दिसणारच. २०१६ ला केंब्रिजच्या संशोधकांनी शोधलं की जवळपास चौथ्या हिश्श्याच्या लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडाच नसतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. म्हणजे वाटीकडे बघणं हे उपाशी असल्याचं लक्षण नाही, काहींना तर खरंच कळत नाही की झालंय जेवण. तिच्या डोळ्यांकडे बघून वाढायचं नाही, बरगडीला हात लावून वाढायचं. भराभर खाते म्हणून आम्ही उंचवटे असलेली स्लो फीडर ताटली घेतली, आधी ४० सेकंदांत संपायचं आता सात-आठ मिनिटं जातात आणि उलटीपण थांबली.

जंताचं औषध वेळेवर द्या, हात-पाय बारीक आणि पोट नगाऱ्यासारखं असेल तर ते खाऊन आलेलं पोट नसतं, जंत असतात, खाणं वाढवून काही होणार नाही. फूड बदलायचं तर सात दिवसांत हळूहळू, आधी पाव हिस्सा नवीन मग निम्मं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, साखर नसलेलं च्युइंगम (त्यात झायलिटॉल असतं, ते कुत्र्यांना विषारी) बिलकुल नाही, प्रसादाच्या शिऱ्यातले मनुके पण नाहीत. शिजवलेली हाडं नाहीत, ती फुटून टोकदार होतात, रविवारी मटण झालं की आमच्याकडे हाडांचं ताट आधी उचललं जातं. उन्हाळ्यात दुपारी खात नसेल तर मागे लागू नका, पहाटे आणि रात्री गार झाल्यावर घाला. एखादं जेवण सोडलं आणि खेळतंय तर ठीक, पण लहान पिल्लू दिवसभर खात नसेल, मलूल असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर, विशेषतः पार्व्होच्या (पिल्लांना होणारा उलटी-जुलाबाचा जीवघेणा आजार) लसी पूर्ण झालेल्या नसतील तर.

आणि लंगडत असेल तर वाट बघू नका. आम्ही सोन्याच्या वेळी दीड महिना वाट बघितली होती.

बिजलीचं आता ३३० ग्रॅम चालू आहे, या आठवड्यापासून तीनाचे दोन वेळा केलेत, सकाळी १६५ आणि रात्री १६५. दुपारी एक वाजला की अजून जाऊन ताटलीपाशी बसते बिचारी, सवय आहे ना, पप्पा मग तिला घेऊन खाली अंगणात जातात म्हणजे दोघांचंही लक्ष दुसरीकडे लागतं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत नसबंदीचं डॉक्टरांना विचारायचंय, त्यानंतर कॅलरीची गरज २० ते ३० टक्क्यांनी कमी होते म्हणतात, तेव्हा डबा परत नव्यानं मोजावा लागेल. रविवारचं वजन आणि बरगड्यांचा मार्क वहीत लिहायचं काम आता लेकीनं घेतलंय, मागच्या पानावर तिनं ४ लिहिलंय आणि शेजारी कंबरेचं चित्र काढलंय.